साधा मजकूर

लिनक्सकडे मी काही तात्त्विक भूमिकेतून वळले नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. मुक्तस्रोत आज्ञावलींविषयी आस्थेने बोलणारी माणसे माझ्या ओळखीची आहेत आणि त्यांचे म्हणणे मला पटतेही. पण पटणे आणि वळणे यांच्यातले अंतर बहुतेकदा आपल्या आळसाएवढे असते, आणि माझा आळस चांगला ऐसपैस आहे. मला वळवले ते एका तारखेने. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सेवा थांबवली. माझा लॅपटॉप दहा वर्षांचा. विंडोज ११ च्या अटींत तो बसत नव्हता. यंत्र धडधाकट, कळफलकावरची दोन-तीन अक्षरे पुसली गेलेली, आणि तरीही ते आता म्हातारे झाले असे मला पडद्यावर पुनःपुन्हा सांगण्यात येत होते. माझा एक माजी विद्यार्थी जळगावात संगणकदुरुस्तीचे दुकान चालवतो. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, फेकू नका. दिवाळीत इकडे येणारच आहात ना? लिनक्स टाकून देतो." त्याने लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकून दिली. अर्ध्या तासात लॅपटॉप पुन्हा चालायला लागला, आणि खरे सांगायचे तर पूर्वीपेक्षा वेगाने चालायला लागला.

जुन्या फायली तपासताना एक फोल्डर उघडले. त्याचे नाव ‘आजी’. आत एक दस्तऐवज. तो उघडला आणि पडद्यावर रोमन अक्षरे, आकडे, कंस, डॉलरची चिन्हे आणि फ्रेंच पुस्तकांत असतात तसली टोपीवाली अक्षरे यांचा खच पडला. पानामागून पान तेच. शंभरएक पाने. त्या पानांत एकही देवनागरी अक्षर नव्हते.

त्या पानांत काय होते ते सांगायला हवे.

२००५-०६ मध्ये मी एम. फिल. साठी अहिराणी स्त्रीगीतांवर काम करत होते. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, पारोळे तालुक्यातली. तिला अक्षरओळख नव्हती आणि तिच्या डोक्यात गाण्यांचे भांडार होते. अखाजीला झोक्यावर म्हणायची गाणी, कानबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या, लग्नातली तेलहळदीची गाणी. दोन उन्हाळे मी तिच्यापाशी बसले. आधी कॅसेटवर घेतले, मग रात्री ऐकून ऐकून टंकलिखित केले. कॅसेटी घरातच होत्या. पुढे कुणीतरी त्यांच्यावर भजने भरली. तेव्हा वाईट वाटले नाही, कारण सगळे संगणकात होते. तीनशे बारा गाणी, त्यांचे पाठभेद, आजीने मधेमधे दिलेले खुलासे. प्रबंधिकेच्या परिशिष्टात त्यांतली चाळीसच गाणी छापली, कारण पृष्ठमर्यादा होती. आजी २०११ साली गेली.

म्हणजे तीनशे बारांपैकी दोनशे बहात्तर गाणी या जगात एकाच ठिकाणी होती, आणि ते ठिकाण आता मला वाचता येत नव्हते.

यात लिनक्सचा काही दोष नव्हता. विद्यार्थ्याने ते फोनवर समजावून सांगितले आणि नंतर मी स्वतः वाचून समजून घेतले. ते इथे थोडे विस्ताराने मांडते, कारण माझ्या पिढीतल्या मराठीच्या बहुतेक प्राध्यापकांच्या कपाटात अशा फायली असणार.

त्या काळी आपण मराठी लिहीत होतो असे आपल्याला वाटे. प्रत्यक्षात आपण रोमन लिहीत होतो आणि त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवत होतो. संगणकाच्या लेखी अक्षर म्हणजे एक क्रमांक. जुन्या फॉण्टांनी रोमन अक्षरांचेच क्रमांक घेतले आणि त्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. तुकडे हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे. ‘भ’ हे अक्षर त्या फॉण्टात नव्हतेच; अर्धा भ होता आणि त्याच्या शेजारी काना ठेवला की भ दिसे. ‘किती’ लिहिताना पहिली वेलांटी आधी आणि क नंतर, कारण डोळ्याला ती डावीकडे दिसते. ‘धर्म’मधला रफार म च्या नंतर, कारण तो त्याच्या डोक्यावर बसतो. हे लेखन नव्हते, हे खिळे जुळवण्यासारखे होते. कागदावर छापून हातात आले की कोणाला काही कळत नसे. मुखवटा काढला, म्हणजे तो फॉण्ट यंत्रावर नसला, की खालचे रोमन उघडे पडे. शिवाय प्रत्येक कंपनीच्या तुकड्यांचे क्रमांक वेगळे. एकीचे लेखन दुसरीच्या फॉण्टात वाचता येत नसे.

यावर उपाय नव्हते असे नाही. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतपद्धती १९८८ साली आली, १९९१ साली तिचे प्रमाणीकरण झाले, आणि युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता तिच्याच आधाराने रचला गेला. म्हणजे मी २००५ मध्ये आजीची गाणी टंकत होते तेव्हा युनिकोड चांगले चौदा वर्षांचे होते. पण आमच्या टंकलेखन केंद्रातल्या कोणाला ते माहीत नव्हते, आणि मलाही नव्हते. मी ज्या मराठी सॉफ्टवेअरवर काम केले, त्याच्या सीडीचे आज तबकडीखेरीज काही उरलेले नाही. आणि समजा, तो फॉण्ट कोठून मिळाला असता, तर गाणी पुन्हा दिसली असती. पण त्यांत एक शब्द शोधता आला नसता. दिसणे आणि असणे यांत फरक आहे, हे साहित्याच्या वर्गात आपण शिकवतो, संगणकावर मात्र विसरतो.

तेव्हा काम ठरले. या खचातून देवनागरी बाहेर काढायची. त्यासाठी हवा होता एक टेक्स्ट एडिटर.

वर्ड प्रोसेसर वापरणाऱ्यांना हा प्रकार दरिद्री वाटतो. ठळक नाही, तिरपे नाही, रंग नाही, तक्ता नाही. नुसता मजकूर. परंतु वर्ड प्रोसेसरमध्ये मी या कामाची सुरुवात करून पाहिली आणि दोन गोष्टींनी हैराण झाले. एक, तो मला न विचारता सुधारणा करतो. सरळ अवतरणचिन्हे वाकडी करतो, वाक्यारंभीचे रोमन अक्षर मोठे करतो. माझ्या खचात प्रत्येक रोमन अक्षराला किंमत होती. लहानाचे मोठे झाले की ‘त’चा भलताच कोणी होणार. दुसरी गोष्ट मनाला अधिक लागली. छापील परिशिष्टातले एक गाणे नमुना म्हणून मी युनिकोडमध्ये टंकले, आणि मराठीचा शुद्धलेखन-तपासनीस चालू होता. आजीची प्रत्येक ओळ लाल नागमोडी रेघेने भरली. ‘शे’ चूक, ‘मन्हा’ चूक, ‘तुन्ही’ चूक. आयुष्यभर जी भाषा तिने बोलली तिच्यावर एखाद्या परीक्षकाने लाल पेन फिरवावे तसे ते पान दिसत होते. मी तो तपासनीस बंद केला. पण मनातून ठरवले की हे काम इथे करायचे नाही.

मग एकेक एडिटर पाहत गेले. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत चालणारा नॅनो सगळ्यांत हलका. परंतु त्या खिडकीत प्रत्येक अक्षराला चौकटीचा एकेक चौकोन मिळतो. रोमनला ते चालते. आपल्या जोडाक्षरांना चालत नाही. माझ्या यंत्रावर वेलांट्या सुटून शेजारच्या घरात गेल्या आणि कर्सर एका ठिकाणी, अक्षर दुसऱ्या ठिकाणी असा प्रकार झाला. विम हा त्याच खिडकीतला थोर एडिटर. त्याचा पूर्वज ‘व्हीआय’ बिल जॉय यांनी १९७६ साली रचला, आणि विम ब्राम मोलेनार या डच गृहस्थांनी १९९१ साली प्रसिद्ध केला. हा एडिटर उघडला की पहिल्याच पडद्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा असे आवाहन दिसते. एडिटर फुकट, मनात आले तर त्या मुलांसाठी पैसे द्या, एवढीच मोलेनारांची अपेक्षा होती. ते २०२३ साली वारले. मला तो पडदा फार आवडला. एडिटर मात्र जमला नाही. विममध्ये लिहिण्याची अवस्था वेगळी आणि आज्ञा देण्याची वेगळी. आज्ञा रोमन अक्षरांच्या. मराठी कळफलक चालू असला की आज्ञा त्याला समजेनात, आणि रोमन केला की मराठी लिहिता येईना. यावरही उपाय आहे असे नंतर समजले. पण पहिल्या संध्याकाळी मला त्यातून बाहेर कसे पडायचे हेच कळत नव्हते. शेवटी जळगावला फोन लावावा लागला.

ईमॅक्सने उलट अनुभव दिला. देवनागरी स्वच्छ, इनस्क्रिप्टची सोय त्याच्या पोटातच. पण हलके काही हवे म्हणून निघालेल्या माणसाला तो एडिटर म्हणजे खोली भाड्याने मागावी आणि गढीची किल्ली हातात यावी तसा वाटतो. मिंटबरोबर आलेला एक्सेड चांगला होता. एक्सएफसीईचा स्वतःचा माऊसपॅड त्याहून साधा; उघडतो असे म्हणेपर्यंत उघडलेला असतो. आणि जीनी, हा २००५ पासूनचा. मूळ प्रोग्रामरांसाठी केलेला, पण शोधा-आणि-बदला या कामात फार ताकदीचा. माझी विभागणी अखेर अशी झाली: ठोकाठोकीला जीनी, लिहायला माऊसपॅड.

या निवडीला मी इतके दिवस घातले याची घरात थट्टा झाली. पण लेखनाच्या साधनांची चिकित्सा ही काही संगणकाच्या काळातली हौस नव्हे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे. ओळींतले अंतर सारखे असावे. ग्रंथाच्या आरंभापासून अखेरपर्यंत अक्षर एकाच हातचे, एकाच मापाचे दिसावे. लेखण्या, चाकू, शाई, कागद यांची निवड कशी करावी, हे सारे समर्थ तिथे सांगतात. धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली रामदासी बाडे आहेत. विद्यार्थ्यांना घेऊन मी तिथे गेले आहे. त्या बाडांकडे पाहताना दर वेळी एक गोष्ट जाणवते. लिहिणाऱ्याला माहीत होते की आपण नसताना, आपल्या ओळखीचा कोणी नसताना, हे कोणीतरी वाचणार आहे. मी २००५ साली टंकले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे फक्त सादर करण्याची तारीख होती.

असो. फाइल साध्या मजकुराच्या रूपात साठवली, जीनीमध्ये योग्य ती संकेतपद्धती निवडून उघडली, आणि आता प्रश्न आला किल्लीचा. कोणते रोमन अक्षर म्हणजे कोणता देवनागरी तुकडा? फॉण्ट नव्हता, तक्ता नव्हता. पण छापील प्रबंधिका होती. चाळीस गाणी कागदावर देवनागरीत आणि तीच चाळीस फाइलीत रोमन खचात. डावीकडे पुस्तक, उजवीकडे पडदा. एक गाणे घ्यायचे, त्यात वारंवार येणारे शब्द घ्यायचे, ‘माय’ घ्यायचा, ‘भाऊ’ घ्यायचा, आणि खचात तसाच पुनरावृत्त होणारा गुच्छ शोधायचा. पहिल्या संध्याकाळी अकरा अक्षरे लागली. आमच्या गावात राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले आणि त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या दप्तरांसाठी पुढच्याच वर्षी हे मंडळ उभे राहिले. मोडी शिकताना तिथे मी पहिल्यांदा एक ओळ स्वतः लावली होती त्या दिवसाची आठवण झाली. फरक एवढाच की ते मोडी दोन-तीनशे वर्षांपूर्वीचे होते आणि हे दुर्बोध लेखन वीस वर्षांपूर्वी मीच केले होते.

बदलण्याचा क्रम महत्त्वाचा असतो हे चुका करून शिकले. आधी ‘अर्धा भ अधिक काना’ यांचा पूर्ण भ करायचा, आणि मगच उरलेल्या अर्ध्या भ चा ‘भ्’. उलटे केले तर प्रत्येक ‘भाऊ’ मोडतो. वेलांटीसाठी ‘वेलांटी आणि तिच्या पुढचे व्यंजन’ यांची जागा अदलाबदल करणारे सूत्र लिहायचे, आणि पुढे जोडाक्षर असेल तर वेलांटीने ते सबंध ओलांडायला हवे. रफाराला याच्या उलट, मागे न्यायचे. दीडशेच्या वर बदल झाले. एकेक बदल दिला की खचातून देवनागरीचा एकेक तुकडा वर येई. बाराव्या-तेराव्या दिवशी रात्री मी एक सूत्र चालवले आणि पडद्यावर आजीचे कानबाईचे एक सबंध गाणे उभे राहिले, परिशिष्टात नसलेले. वीस वर्षांनी मी ते वाचत होते. घरातले सगळे झोपले होते. मी ते हळू आवाजात म्हणून पाहिले. चाल मात्र मला आठवली नाही.

इथे हा लेख संपायला हरकत नव्हती. जुने हरवले होते ते सापडले, साधनाची निवड योग्य ठरली. पण साध्या मजकुराचा एक गुण असा की त्यात शोध घेता येतो, आणि शोध घेता येऊ लागला की आपणच केलेल्या गोष्टी सापडू लागतात.

अहिराणीत ‘राहिला’ला ‘ऱ्हायना’ म्हणतात, ‘राहिली’ला ‘ऱ्हायनी’. ‘तो काय करी ऱ्हायना’, म्हणजे तो काय करतो आहे. हा ‘ऱ्ह’ अहिराणीच्या बोलण्यात पावलोपावली येतो. त्यातला चंद्रकोरीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये ‘ऱ’पासून तयार होतो, इनस्क्रिप्टवर शिफ्ट दाबून जे, मग डी, मग यू, की ‘ऱ्ह’ आला. २००५ च्या त्या कळफलकावर ही चंद्रकोर कुठे दडली होती ते मला माहीत नव्हते. मी काय केले असेल? सहज म्हणून ‘ऱ्हायना’ शोधले. एकदाही नाही. ‘र्हायना’, म्हणजे रफार दिलेले चुकीचे रूप: नऊ वेळा. आणि ‘राहिना’: सत्तेचाळीस वेळा.

मला सोपे पडावे म्हणून मी आजीचा ‘ऱ्हायना’ ‘राहिना’ करून टाकला होता. आणि मराठीत ‘राहिना’चा अर्थ राहत नाही, राहायला तयार नाही. नेमका उलटा.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना थोडी लाज वाटते. माझ्या प्रबंधिकेत अखाजीच्या एका गाण्याचे विवेचन आहे. बहीण सासरी आहे, अखाजीला तिला न्यायला भाऊ आला आहे, ती घरातली कामे आवरते आहे, आणि गाण्याच्या शेवटी भाऊ ‘राहिना’. तो थांबायला तयार नाही. बहिणीला काम सुटत नाही आणि भावाला धीर नाही. या एका क्रियापदावर मी सव्वा पान लिहिले आहे. स्त्रीच्या दोन्ही घरांतल्या परकेपणाविषयी, माहेर नावाच्या आश्वासनाच्या तकलादूपणाविषयी. तोंडी परीक्षेला आलेल्या परीक्षकांनी नेमक्या त्या परिच्छेदाचे कौतुक केले होते. पुढे त्याचाच एक शोधनिबंध झाला. तो मी चर्चासत्रांत वाचला. आणि ते क्रियापद आजीचे होते की माझ्या कळफलकाचे, हे आता मला सांगता येत नव्हते. कॅसेटवर भजने होती.

बदला-सगळे हे बटण समोरच होते. ‘राहिना’च्या जागी ‘ऱ्हायना’, सत्तेचाळीस ठिकाणी, एका क्षणात. पण त्यांतल्या काही ठिकाणी आजीने खरोखरच नकार म्हटला असेल आणि मी तो आखडून ‘राहिना’ लिहिला असेल, तर? एकदा मी तिचे शब्द बदलले होते ते अज्ञानाने. आता दुसऱ्यांदा बदलले असते ते जाणूनबुजून, आणि तेही सोयीसाठीच.

खानदेशात लिहून घेण्याची एक परंपरा आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी लिहून घेतली. लिहून घेतली म्हणून ‘गीता प्रवचने’ आहेत. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते; मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसबंधू यांनी जे उतरवून ठेवले तेवढेच १९५२ साली, त्या गेल्यावर पुस्तकरूपाने आपल्या हाती आले. आपण बोलणाऱ्याचे नाव घेतो आणि ते घ्यायलाच हवे. पण लिहून घेणाऱ्याच्या हाताशी कोणते साधन आहे, त्याच्या कानाला काय सवय आहे आणि त्याला किती कंटाळा आला आहे, यावर पुढच्यांना काय मिळणार ते ठरते. मी वर्गात बहिणाबाई शिकवते तेव्हा हे कधी सांगितले नव्हते.

डिसेंबरात मी पारोळ्याला आत्याकडे गेले. आत्या आता सत्त्याहत्तर वर्षांची. अंगणात कापूस पडलेला. ती पाय पसरून बसली, मी लॅपटॉप मांडीवर घेतला. माऊसपॅड उघडला, पांढरे पान, वर काही नाही. तिला वाटले मी कुणाला पत्र लिहिते आहे. "काय लिखी ऱ्हायनी बाई?" तिने विचारले, आणि मला हसू आले, कारण हवा होता तो शब्द तिने विचारण्याआधीच दिला होता.

कानबाईची गाणी श्रावणाबाहेर गायला तिने साफ नकार दिला. म्हणून दाखवली, गायली नाहीत. अखाजीच्या त्या गाण्याला पोचलो. मी ओळ वाचली, "भाऊ राहिना". आत्याने हात हलवला.

"असं नही म्हने मन्ही माय. राहिना कसा? ऱ्हायना. तीन दिन ऱ्हायना मन्हा मामा."

तिचा मामा, म्हणजे आजीचा सख्खा भाऊ. न्यायला आला आणि बहिणीला काम सुटेना म्हणून तीन दिवस थांबला, बहिणीच्या सासरी, बहिणीच्या सासऱ्याच्या नजरेखाली. गडी माणसाने असे थांबणे हे त्या काळी कमीपणाचे. आणि म्हणून ते गाण्यात आले. गाणे परकेपणाचे नव्हते. माझ्या सव्वा पानाच्या नेमके विरुद्ध ते सांगत होते, आणि मी लिहिले त्यापेक्षा ते अधिक चांगले गाणे होते.

मी कर्सर ‘राहिना’च्या शेवटी नेला आणि मागे पुसत गेले. हा एडिटर मागे पुसताना एकेक चिन्ह पुसतो. आधी काना, मग न, मग वेलांटी, मग ह. रा ही गेला. मग शिफ्ट-जे, डी, यू. आत्या पडद्याकडे पाहत होती. तिला वाचता येत नाही. "व्हयनं?" तिने विचारले. मी म्हटले, झाले.

तीन दिवसांत एकतीस जागा लागल्या. सोळा लागल्या नाहीत. ती गाणी आत्याला येत नाहीत, आणि ज्यांना येत होती त्या बायका आता नाहीत. त्या सोळा जागी मी ‘राहिना’ तसेच ठेवले आहे आणि पुढे कंसात प्रश्नचिन्ह दिले आहे. फाइलीच्या पहिल्या ओळीत आजीचे नाव, गाव, गाणी घेतली ती वर्षे, आणि हे प्रश्नचिन्ह का आहे त्याचा खुलासा लिहिला आहे. शोधनिबंध ज्या नियतकालिकात आला होता त्याच्या संपादकांना दुरुस्तीचे पत्र पाठवले आहे.

सगळी फाइल साडेतीनशे किलोबाइटची आहे. कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही एडिटरमध्ये ती उघडते. त्यासाठी कोणता फॉण्ट शोधावा लागत नाही, कोणाचा परवाना लागत नाही. तिच्या प्रती तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. एक छापून आत्याकडे दिली. वाचता येत नसताना कागद कशाला, असे मला वाटले होते. तिने तो घडी घालून कानबाईच्या नारळाशेजारी कोनाड्यात ठेवला.